पाण्यात पाहणारी बाई

ग्वायाकिलच्या दक्षिणेला, गुआस्मोत,
टँकर मंगळवारी येतो, कधी गुरुवारी,
कधी येतच नाही.
म्हणून दारोदारी निळं पिंप,
पिंपावर पत्रा, पत्र्यावर वीट,
आणि तरीही उरलेली बोटभर फट.

त्या फटीतून यादिरा किमी बॅटरी मारते.
अकरा वर्षं ती साऱ्या वस्तीला
पाण्यात पाहते आहे,
पण तिच्यावर कुणाचा राग नाही.
पिचकारीने अळ्या उचलते,
मोजते: सात, एकवीस, मग नुसतं "पुष्कळ".
अबेटची पुरचुंडी सोडते,
खडूने दारावर तारीख टाकते.
"हिला घाण पाणी नाही हो चालत," सांगते,
"तुमच्यासारखीच टापटिपीची आहे ती."

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एसीच्या गारठ्यात.
माझ्याकडे रक्त येतं, नावाशिवाय, आकडा लावून.
त्यात मी अक्षरं वाचतो,
दहा हजार सातशे आणि वर थोडी,
चारच अक्षरांची, कुठेही
श्वास न घेणारी एक ओळ.

विषाणू स्वतःची नक्कल करताना
घाईतल्या कारकुनासारखा चुकतो.
ध चा मा कुणी मुद्दाम करत नाही;
यू चा सी होतो, आपसूक,
आणि बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही.
फक्त चूक पुढच्या नकलेत उतरते,
तिच्याही पुढच्या.
ज्यांच्या चुका सारख्या, ती भावंडं.
अशी वंशावळ जुळवत मी झाड काढतो.

या फेब्रुवारीत झाडाने मला चकवलं.
एकाच गल्लीतले दोन ताप
एकमेकांचे कुणीच नव्हते.
एकाचा सख्खा भाऊ निघाला
नदीपलीकडे, दुरानमध्ये.
डास उडतो शंभर-दोनशे पावलं.
उरलेलं अंतर माणसं चालतात:
शिवलेले गणवेश पोचवायला,
आजारी मावशीला सूप द्यायला.

माइते लिंदाओ. वय नऊ.
हे नाव मला कळायला नको होतं,
यादिराने फोनवर सांगितलं.
तीन वर्षांपूर्वी तिला येऊन गेला होता
पहिल्या जातीचा, साधा ताप.
शरीराने तो चेहरा पाठ करून ठेवला.
या वेळी दारात दुसरा,
नाकीडोळी जवळपास तोच,
आणि पहारेकऱ्यांनीच ओळखीचा समजून
त्याला हात धरून आत नेलं.
पाचव्या दिवशी ताप उतरला.
आईने हुश्श करून केस विंचरले तिचे.
धोका तिथून पुढेच असतो,
हे त्या घरात कुणी सांगितलं नव्हतं.

नमुना एकशे सतरा, माइतेचा.
नमुना अठ्ठ्याण्णव त्याच्याशी जुळा,
एका अक्षराचाही फरक नाही.
अठरा दिवस आधीचा.
चिठ्ठीवर: स्त्री, बेचाळीस, आरोग्यखातं,
ताप अंगावर काढला, रजा शिल्लक नव्हती.
सातच्या पोटात आडवी रेघ.
तसा सात मी दारांवर पाहिलाय,
खडूने काढलेला.

पण जुळ्या ओळी सांगत नाहीत
कोण कुणाची आई.
मधे एक डास, किंवा तीन,
किंवा असा कुणी माणूस
ज्याला तापच आला नाही.
झाड बोट दाखवत नाही.
बोट माझं आहे, कीबोर्डवर.

गुरुवारी ती आली अहवाल न्यायला.
"सापडलं काही?"
"दुसऱ्या जातीचा," मी म्हणालो.
"पुलापलीकडून आलेला. असावा."
तिने मान हलवली. कागदाची चार घड्या घडी केली.

मग सवयीने खिडकीबाहेर वाकून
एसीखालच्या बादलीत बॅटरी मारली.
मी कधी पाहिलीच नव्हती ती बादली.
बराच वेळ तिचे ओठ हलत होते.
आकडा तिने सांगितला नाही.
बादली उचलून
तिने उन्हात पालथी केली.