अर्धा भाव

नोशीर अंकलची शीर सहज सापडत नाही.
डाव्या कोपराच्या खळीत, जरा आतल्या अंगाला
दडून बसते.
दर महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी सातला,
पारशी कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावर
मी त्यांचं रक्त काढते
नि ते माझी उलटतपासणी घेतात.

"एकवीस किलोमीटर? तू? कोण लागलंय मागे?"
कोणी नाही. आमच्या सेंटरसाठी पैसे जमवतेय,
डायलिसिसचे.
"मग माग ना सरळ. पळते कशाला?"

याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.
सरळ मागितले होते की.
सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, रुपया नाही.
पळणार म्हटल्यावर मात्र
सामंतबाईंनीसुद्धा पाचशे काढले,
माझे गुडघे जामीन राहिल्यासारखे.

कापूस दाबून धरत अंकलनी भाव ठरवला:
किलोमीटरला एकशेवीस.
"पण चाललीस तर अर्धा भाव, डिकरी.
टॅक्सीचं पण वेटिंग वेगळं असतं."

तीन महिने पाच बागांना फेऱ्या मारल्या,
डबे भरायच्या आधी, अंधारात,
नणंदेच्या मुलीच्या अर्धा नंबर मोठ्या बुटांत.
कुत्री पहिल्या आठवड्यात भुंकली,
दुसऱ्यात नुसती उठून बसली,
मग तेवढंही करेनात.
त्याला मी प्रगती म्हटलं.

जानेवारीतली पहाट. सागरी सेतूवर,
जिथे एरवी पाय टेकायची बंदी,
हजारो पायांचा एकच आवाज:
सुपात तांदूळ घोळवल्यासारखा.
वरळीला उजाडलं.
हाजी अलीच्या पुढे पाण्याचं टेबल आलं.

लोक बाटली घेत, दोन घोट पीत, भिरकावत.
रस्ताभर उघड्या तोंडाच्या बाटल्या,
पाणी गटाराकडे निघालेलं, आमच्यापेक्षा वेगात.

ओवेसला दिवसाला सातशे मिलीलीटर.
चहा, डाळ, गोळ्यांवरचे घोट, सगळं धरून.
वडाळ्याच्या खोलीत त्याने स्टीलच्या पेल्यावर
खिळ्याने रेघ मारून ठेवलीय.
एकोणीस वर्षांचा. एसी दुरुस्त करायला शिकत होता.
आता आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेला.
दुपारी बर्फाचा एक खडा गालात धरून बसतो,
बोलायला लावलं तर चिडतो.

मीही दोन घोट प्यायले.
फेकायला हात उचलला
आणि तो तसाच वर राहिला,
वर्गात हजेरी दिल्यासारखा.

पेडर रोडचा चढ मी चालत चढले,
अर्धी बाटली छातीशी धरून,
शेजारणीने तान्हं सांभाळायला दिल्यासारखी.
कुणीतरी ओरडलं, "कम ऑन आंटी!"
उतारालाही चाललेच.

फेब्रुवारीची पाच. अंकलची वही, पेन्सिल.
"खरं सांग."
दोन किलोमीटर चालले.
"का?"
पोटात कळ आली, म्हटलं.
एकोणीस पूर्ण भावाने, दोन अर्ध्या.
आणि वरचे सत्त्याण्णव मीटर?
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा त्रैराशिक मांडलं,
बारा रुपये वाढवले. सुटे दिले.
चोवीसशे बारा.

एक डायलिसिस साडेतेराशेचं.
म्हणजे पावणेदोनच्या जरा वर.
पावणेदोन डायलिसिस कुणाचं होत नाही.
कमी पडले ते मी घातले,
पावती अंकलच्याच नावाने फाडली.

ओवेसला बाटलीचं सांगितलं नाही.
मैदानात पोचल्यावर ती एका झाडाच्या बुंध्याशी ओतली होती,
तेही नाही.
त्याने मेडल दातांनी चावून पाहिलं,
पत्रा आहे, म्हणाला.
मग पेला उजेडात धरून, रेघ बघत,
"वाटेत पाणी देतात ना ताई?"
देतात.
"थंड?"