अ‍ॅव्हरेज

कोंढव्यात, टायरांच्या दुकानामागे
दोन हजार नऊची डिझेल इंडिका,
पासिंग वाढवलेली.
यासीनभाईंनी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
इंजिन ऐकलं, डोळे मिटून.
"दमेकरी आहे, पण दगा देणार नाही."

डिकीत पाणी मुरल्याचा वास.
मागची काच हातानंच वर ढकलायची.
मला तरी कुठं जायचंय,
मार्केटयार्ड, शाळा, फार तर सासवड.

डॅशबोर्डच्या खणात वही सापडली:
टाकी फुल, किलोमीटर, भागाकार,
प्रत्येक वेळी, बारीक अक्षरात.
एके ठिकाणी नुसतं:
"अंजिरं. हिनं गाणं म्हटलं. एकवीस."

खळदकर पाच हजार उतरले, न मागता.
किल्ली दिली.
वही मात्र
शर्टाच्या आत सरकवली.

बिबवेवाडीच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये,
मी मनातल्या मनात
भागाकार करत होते.