एकच दार

पहिला नकाशा उलगडला तेव्हा
चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवावे लागले, असा वारा.
ऑगस्ट, म्हणजे लेसोथोच्या डोंगरात ऐन हिवाळा.
निळ्या शाईत सगळं जिथल्या तिथं:
बाळंतिणी उजवीकडे, ताप-जुलाब डावीकडे,
आणि मागच्या अंगाला
क्षयाच्या नि त्या दुसऱ्या आजाराच्या माणसांसाठी
स्वतंत्र दार.
'स्वतंत्र' हा शब्द मला फार आवडला होता.

मामोलेफे घोंगडी सावरत वाकली.
हे काय, म्हणून बोट ठेवलं.
मी सांगितलं.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
म्हणाली, भिंतींना कान असतात बाई,
जुन्या दवाखान्याच्या मागच्या दाराला तोंड होतं.
तिकडे वळलेल्या घोड्याची बातमी
घोड्याच्या आधी घरी पोचायची.

मग नावं न घेता
ती एकेक बोट मिटत गेली.
सोन्याच्या खाणीतून छातीत धूळ घेऊन आलेला एक:
तीनदा आला, तीनदा
मीठ आणायला निघाल्यासारखा दारावरून पुढे गेला.
चौथ्यांदा आम्हीच गेलो त्याच्याकडे, फावडी घेऊन.
एक शाळकरी पोर.
तिची आई.
एक पाद्री, हो, पाद्रीसुद्धा.
पाचवं बोट तिने मिटलं नाही.
नुसती बघत राहिली त्याच्याकडे.

रात्री कंदिलापाशी मी खोडत बसले.
दार एकच. वाटा फुटायच्या त्या आत फुटू देत.
खिडक्या उंच, समोरासमोर,
वाऱ्याने इकडून यावं,
कुणाचा खोकला खांद्यावर टाकून तिकडून जावं.
(थंडीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.)
बाकं डोंगराकडे तोंड करून,
म्हणजे ताटकळणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे वाचायला नकोत.
आणि घोड्यांसाठी खुंटे. ते त्सेलिसो गवंड्याने सुचवलं;
माझ्या नकाशात लोक
कुठूनतरी आपोआप उगवत होते.

पैसे आले, पण सगळे नाही आले.
कौलांऐवजी पत्रा पडला.
गारा सुरू झाल्या की आत
शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.
मी माफी मागायला गेले, तर नर्स म्हणाली,
राहू द्या.
गारांतच लोक मला खरं काय ते सांगतात.

वैशाखासारखं ऊन पडलेल्या एका डिसेंबरात
बिजागरी कुरकुरते म्हणून मी तेल घालत होते.
मामोलेफे आली. घोडा बांधला.
पुढे पाठीशी बाळ बांधलेली एक बाई होती,
मागे पाय मुरगळलेला गुराखी पोरगा.
तिघं आत गेली.
पोरगा कुठे वळला ते लंगडण्यावरून कळलं,
बाईचं बाळाच्या रडण्यावरून.
मामोलेफे कुठे वळली
ते मला कळलं नाही.

आणि नकाशा तर मीच काढलेला.