कडेची रांग

इतापेकुरू नदीच्या अलीकडे, लाल मातीत,
दोरी ताणून तीन पट्टे आखले होते :
पाच बाय दोन, पाच बाय तीन, पाच बाय पाच.
बेटं तीच. फक्त त्यांच्यामधला समुद्र
कमीजास्त.

तिसऱ्या वर्षी दाट पट्टा जिंकला.
हेक्टरी हजार बेटं! कंपनीचा इंजिनियर
टनांचा आकडा बघून
सगळ्यांना काजूच्या बोंडांचा रस पाजत फिरला.
वाल्देनीरा काही बोलली नाही.
काटा तिच्या हातात असतो,
ओझं तिच्या खांद्याला आधी कळतं,
आकड्याला मागाहून.

सहाव्या वर्षी दाटीतल्या काठ्या
मनगटाएवढ्याच राहिल्या होत्या,
उंच, घाईघाईने उजेडाकडे गेलेल्या,
खाली वाळलेली गचपण
आणि कोयता फिरवायला जागा नाही.
विरळ पट्ट्यात
एकेक काठी दोघांनी उचलावी अशी.
बेरीज केली तर तिन्हीकडे
जवळजवळ तेवढंच.
जमिनीच्या हातात होतं तेवढं तिने दिलं,
हजारांत वाटा नाहीतर चारशेंत.
इंजिनियर त्या दिवशी लवकर घरी गेला.

ओलं वजन धरायचं नाही, हे तिला शिकवलंय.
एकशे पाच अंशांवर दोन दिवस सुकवून
उरतं तेच खरं.
निम्मं तर पाणीच निघतं.
'माझ्या नवऱ्याच्या फोनसारखं,'
ती म्हणाली एकदा, भट्टीचं दार लावता लावता.
तो साओ लुईसच्या बंदरावर असतो.

आणि कडेची रांग मोजायची नाही.
तिला एका अंगाने ऊन मोकळं,
मुळांना रस्त्याखालची माती मोकळी,
ती फुगते, हिशेब बिघडवते.
वहीत तिच्यासमोर नुसती आडवी रेघ.
बाबासूची फळं फोडायला निघालेल्या बायका
तिच्याच सावलीत टेकतात,
गावातली निम्मी खुराडी तिच्यातूनच उभी राहिली.

एका शनिवारी, कोणी नसताना,
वाल्देनीराने त्या रांगेतलं एक बेट विरळलं,
मोळी बांधली, आकड्याला अडकवली.
काटा गोल फिरत शंभरावर जाऊन टेकला
आणि तिथेच थरथरत राहिला,
पुढे तबकडीवर काही छापलेलंच नव्हतं.

तिने वही उघडली नाही.
ओझिमारने गाढवगाडी मागे घेतली,
मोळी चढवताना विचारलं, किती भरली?

ती म्हणाली,
कुंपणाला पुरेल.