येणे चाळीस

आसगावहून ऋत्विज आला तो हातमोजे घालूनच,
पांढरे, सुती, बँडवाल्यांचे असतात तसे.
कुडचड्याच्या आमच्या बंद दुकानाचं
शटर चार वर्षांनी वर गेलं
आणि आधी बाहेर आली ती पाल.

एकशे बारा रेकॉर्डी.
आबांनी लग्नं वाजवली, जत्रा वाजवल्या,
निवडणुकीत दोन्ही पक्ष वाजवले
एकाच कर्ण्यातून.
मी म्हटलं, ही नाट्यपदं बघ आधी, ही आमची श्रीमंती.
त्याने ती बोटाने बाजूला सारली.
ही घरोघरी आहेत, म्हणाला. शंभर, फार तर दीडशे.
मला उगाच लागलं.
आबा ती लावण्याआधी चपला काढायचे.

मग तो एकीपाशी थांबला.
छोटी, बशीएवढी, राय गावच्या कुठल्याशा बँडची,
दोन बाजूंना दोन वाल्स.
बांगड्याचे कल्ले उचलून बघावेत
तसं त्याने कव्हर उघडलं,
तबकडी उजेडात तिरकी धरली,
वाजणं संपतं तिथल्या रिकाम्या कड्यात
कोरलेले आकडे भिंगातून वाचले.
दोनशेच काढल्या होत्या ह्याच्या.
लिस्बनमध्ये एकजण दहा वर्षं शोधतोय.
स्वच्छ असती तर चाळीस हजार.

असती तर.
एवढेसे दोन शब्द,
पण त्याच्या धंद्यात निम्म्याहून जास्त तेच खातात.
ओरखडा, मधल्या कागदापासून थेट कडेपर्यंत: वजा.
कोपरा वाळवीने चाखलेला: वजा.
आणि हे पाठीवर कोणी लिहिलंय?

निळी शाई, आबांचं घाईतलं, पोट फुगलेलं अक्षर:
रुजार, कुडतरी. लग्न, दोन रात्री. येणे ४०.

कव्हरवर लिखाण म्हणजे फारच वजा, ऋत्विज म्हणाला.
नऊ हजार.

बाकीच्या दिल्या. ही ठेवली.
नऊ हजार नको होते असं नाही.
पण हिशेब उघडा ठेवून वस्तू विकू नये,
हे आबांचं, माझं नाही.

कुडतरीला तळ्याच्या बांधावरून विचारत विचारत गेलो.
रुजार जाऊन सोळा वर्षं झालेली.
पियेदाद होती, बाल्कांवावर सोलं वाळत घालत.
तिला देवनागरी येत नव्हती, मीच वाचून दाखवलं.
ओरखड्यावरून तिने नख फिरवलं, कोणी न विचारता.
हा आमचा, म्हणाली.
दीर पिऊन टेबलावर आदळला, सुई घसरली,
आणि वाल्स एकाच जागी अडकला.
तुझा बापूय धावत आला,
तर रुजारने हात वर केला: राव रे!
तीच तीन पावलं आम्ही नाचत राहिलो,
किती वेळ कोण जाणे.
लोक जेवायला गेले.
आणि दुसऱ्या दिवशी रुजारनेच चाळीस कापले,
रेकॉर्ड अडकते म्हणून.

हसता हसता ती आत गेली,
बऱ्याच वेळाने बाहेर आली.
मुठीत दहाच्या चार नोटा, डांबरगोळीचा वास.
आनी कळंतर? तिने विचारलं.
मी म्हटलं, आबा व्याज लावत नसत.
खरं तर लावायचे.

खिशात बॉलपेन होतं.
आबांच्या ओळीखाली लिहिलं: मिळाले.
तारीख घातली, सही केली.

रात्री ऋत्विजला फोटो पाठवला.
त्याने विचारलं, हे आत्ता लिहिलंस?
मग थोड्या वेळाने: तीन.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
चारातली एक नोट मधोमध चिकटवलेली आहे.
परतताना बसवाल्याने ती घेतली नाही.