अकरा टक्क्यांनी

छत्तीस वर्षं काळाचौकीच्या पतपेढीत काढली,
लोकांची व्याजं पैशापर्यंत मोजली.
एक देणं तेवढं राहिलं:
बावकरचे सहाशे, सन चौऱ्यांशी,
घोडपदेवच्या खोलीचं डिपॉझिट कमी पडलं तेव्हा
गोदीच्या फाटकाशी उभ्या उभ्या दिलेले.
'सावकाश दे,' म्हणाला.
मी त्याचा शब्द फारच पाळला.

काल रात्री हिशेब मांडला. नऊ टक्के धरले.
बहात्तरला नवाने भागलं, आठ वर्षांत दुप्पट.
बाराशे. चोवीसशे. अठ्ठेचाळीसशे.
शहाण्णवशे. एकोणीस हजार दोनशे.
मग कॅल्क्युलेटर काढला,
तोंडी हिशेब जरा उदार असतो:
अठरा हजार आठशे पंचेचाळीस, पासष्ट पैसे.
चेकवर पासष्ट पैसेही लिहिले.

अभ्युदयनगर, तिसरा मजला.
बावकर हल्ली ऐकतो कमी, हसतो जास्त.
'कसले सहाशे?'
'माझे,' शालनवहिनी आतून आल्या,
हातात अर्धी निवडलेली अंबाडी.
'शिलाई मशीनसाठी साठवलेले. न विचारता दिले ह्यांनी.'
चेक लांब धरून वाचला.
'दर काय लावलास?'
नऊ, मी म्हणालो.
'बँक अकरा देत होती तेव्हा.'

पाकिटाच्या पाठीवर पुन्हा मांडलं.
एकोणचाळीस हजार, वर बावन्न पैसे.
दोन टक्के!
माणूस ज्यासाठी रांग बदलत नाही
त्या दोन टक्क्यांतून चाळीस वर्षांनी
दुसरं आख्खं देणं निघालं, पहिल्याहून थोरलं.

'मशीन आलं एकोणनव्वदला.
तोवर खालच्या पारकरणीचं वापरलं,
रात्री दहानंतर, तिचं पोर झोपलं की.
ते कितीला धरतोस?'

पेन तिथंच राहिलं.
मुद्दल, दर, मुदत.
सूत्रात चौथं घर नाही.

बावकर म्हणाला, 'चहा टाका की.'
कुणी उठलं नाही.

चेकबुक घरी होतं. 'दुसरा उद्या आणतो,' म्हणालो
आणि माझा मलाच आवाज ओळखीचा वाटला.

वहिनी माझ्या बाहीकडे बघत होत्या.
'बटण लोंबतंय. हात पुढे कर.'
अंगावरचं शिवताना तोंडात दोरा धरायचा असतो,
त्यामुळे मला नको म्हणता आलं नाही.

घरी येऊन वहीचं नवं पान काढलं.
मुद्दल: एक बटण.
तारीख घातली.
दराची जागा अजून कोरी आहे.