साक्ष

नगरहून निघालो तेव्हा सतरा जण होतो,
सतरा पिवळे टी-शर्ट, माप एकच,
माझा गुडघ्याला लागतो.
पाठीवर छापलंय : आम्ही पाठवलेले.
मला पाठवलं तसं म्हटलं तर आईनं,
वर्गणीचे अठराशे भिशीतून काढून.

कुडचड्याला पोदेराच्या भट्टीवरची खोली मिळाली.
मध्यरात्रीनंतर फरशी तापत जाते,
पावाचा वास जिन्यानं वर येतो,
आणि आमचा उपास.

घरमालकीण एर्मेलिंडाबाई. अंगणात तिचा खुरीस,
चुना नवा, अबोलीचा हार आजचा.
"कित्याक आयल्यात तुमी?"
शांतवनभाऊ म्हणाले, देवाचं वचन सांगायला.
तिनं खुरसाकडे बघितलं, मग आमच्याकडे.
"हांगा?"
एवढंच विचारून आत गेली,
कोकमाचं सरबत घेऊन आली.
सतरा पेले नव्हते तिच्याकडे. पाळीपाळीनं प्यालो.

रेल्वे यार्डामागं वस्ती आहे.
खनिजाचे ट्रक थांबले तेव्हापासून
तिथले पुरुष दिवसाही घरात असतात,
पानांवरची लाल धूळ मात्र गेलेली नाही.
तिथं आम्ही हरवलेल्या मेंढराचं नाटुकलं केलं.
मेंढरू मी,
कारण मेंढराला संवाद नाहीत.
गुडघ्यांवर फिरत होते तर पोरं ओरडली, कुरी! कुरी!
एक खरी शेळी येऊन माझा कान हुंगून गेली.
अनुग्रहाला गिटारवर हसू आवरेना,
शांतवनभाऊंनी नंतर तिला बाजूला घेतलं.

मग साक्षी.
अनुग्रहाची गाठ विरघळली होती,
प्रबोधच्या वडिलांची बाटली सुटली होती,
आणि माझ्याकडे सगळे बघत होते.
मी कधी बुडाले नाही हो.
नापाससुद्धा झाले नाही.
डोळे मिटले की यांना काहीतरी दिसतं,
मला पापणीची आतली बाजू.
म्हणाले, देव चांगला आहे,
आणि बसले.
प्रार्थनेत एक डोळा उघडला
तर समोर उंबऱ्यावर एक बाई
दोन्ही डोळे उघडे ठेवून तांदूळ निवडत होती.
आमची नजरानजर झाली.
तिनं खडा उचलून बाहेर टाकला.

त्या रात्री झोप नाही.
टी-शर्ट दोरीवर वाळत होता,
मी घरातल्याच गाऊनवर ओढणी घेऊन खाली उतरले.
चार वाजले असतील. भट्टीवाला बघून न बघितल्यासारखा.
यार्डाच्या दिशेनं प्लास्टिकच्या घागरींचा आवाज येत होता,
पाय तिकडंच गेले.
नळावर वीसेक बायका, एक बल्ब.
मी लांबच थांबले.
पणजीबद्दल आमच्या घरात एकच वाक्य उरलंय :
मिशनच्या आडावर तिला कुणी मागं हो म्हणालं नाही.

"नवी काय गे? कुठली खोली?"
तांदूळवाली होती. मला ओळखलं नव्हतं,
किंवा ओळखलं असेल.
"इल्ली बा," म्हणाली, आणि सरकली,
एक माणूस मावेल एवढीच.
मी उभी राहिले.
पुढं कुणीतरी सुनेबद्दल बोलत होतं, कानडीत,
सुनेबद्दलच असावं, सगळ्या त्याच जागी हसल्या,
मीही हसले.
नंबर आला तेव्हा माझ्याकडे भांडंच नव्हतं.
तिनं कपाळाला हात लावला,
आपली दुसरी घागर माझ्या कंबरेवर दिली,
आणि पुढं चालू लागली.
पाणी किंचित लाल. माझा डावा पाय भिजला.
तिच्या दारात ठेवली. नाव विचारायचं राहिलं.

सकाळच्या बैठकीत भाऊंनी विचारलं,
कुणाला काही सांगायचंय का?
मी पाव मोडत होते. उपास सुटला होता.
नाही म्हणाले.

घरी आल्यावर आई पिशवी उघडायच्या आधी :
"काय झालं गं तिकडं? काही अनुभव?"
म्हटलं, तिकडं पाणी पहाटे चारला येतं.
ती थांबली. मग म्हणाली,
"आणि जातं किती वाजता?"